गांव शहरांत गेलें. शहर गांवांत आलें काय?

(गांवच्या चावडीपुढें झालेलें व्याख्यान)



आम्ही शाळामास्तर. आमचा धंदा खडूफळ्याचा; व्याख्यानें झोडण्याचा नव्हे. तरी आज उभे आहोंत, कारण या चावडीवर हल्लीं एकच चर्चा चालते कीं, आपलें गांव पुण्याच्या महापालिकेंत जाणार. कोणी म्हणतो, जमिनीला सोन्याचा भाव येईल. कोणी म्हणतो, घरपट्टीपायीं घर विकावें लागेल. दोघेही ऐकीव बोलतात. आम्ही भविष्य सांगणार नाहीं. आपल्या आधीं जीं गांवें गेलीं, त्यांचें काय झालें तेवढेंच सांगूं. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा.

आधीं आपल्याच घरची गोष्ट. मागल्या सालीं आम्हीं चौथीच्या मुलांस बेरीज शिकवण्यासाठीं घरपट्टीची पावती आणावयास सांगितली. एकतीस पावत्या आल्या. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने. बेरीज झाली, तोंच एका सुताराच्या मुलीनें विचारलें, "गुरुजी, दिवाबत्तीचे पैसे आम्ही भरतों, मग आमच्या आळींत दिवा कां नाहीं?" आम्हांस उत्तर सुचेना. आम्हीं म्हटलें, "बाळ, हें आईला ग्रामसभेंत विचारायला सांग." ती माउली जन्मांत कधीं सभेस गेली नव्हती. पदर खोंचून गेली, पावती हातांत धरून उभी राहिली आणि मुलीचाच प्रश्न विचारला. दोघेचौघे हसले, पण पंधरवड्यांत दिवा लागला.

ही ग्रामसभेची ताकद. वर्षांतून निदान चार वेळां ती भरली पाहिजे असा कायदा आहे, आणि गांवच्या प्रत्येक मतदारास तींत बसण्याचा व विचारण्याचा हक्क आहे. सरपंच झाला तरी आपल्याच बांधाचा शेजारी. तो तोंड चुकवून जाणार कोठें?

आतां शहराकडे वळूं. सन २०१७ मध्यें ११ गांवें पुणें महापालिकेंत घेतलीं. जून २०२१ मध्यें आणखी २३ घेतलीं, आणि महापालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरांहून मोठी झाली. ज्या दिवशीं गांव आंत गेलें, त्या दिवसापासून त्याची ग्रामपंचायत संपली. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभाही गेली. त्यांच्या जागीं नगरसेवक यावयाचे. पण मार्च २०२२ मध्यें महापालिकेच्या सभागृहाचीच मुदत संपली. निवडणुका लांबत गेल्या, आणि आयुक्त हेच प्रशासक होऊन बसले. मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं. म्हणजे त्या २३ गांवांनीं सुमारें साडेचार वर्षें आपल्या मताचा एकही माणूस सभागृहांत पाहिला नाहीं. पंचायत मोडली आणि नगरसेवक मिळाला नाहीं. घर पाडलें, नवें बांधलें नाहीं, आणि बिऱ्हाड रस्त्यावर, अशी ही गत झाली.

कोणी म्हणेल, मास्तर, प्रतिनिधी नसला म्हणून काय बिघडलें? अधिकारी शिकलेले असतात, काम करतात. तर काय बिघडलें तें ऐका. जानेवारी २०२५ मध्यें, नेमक्या या निर्नायकी काळांत, सिंहगड रस्त्याच्या बाजूस नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत एक विलक्षण दुखणें आलें. त्याचें नांव गियाँ-बारे. आधीं हगवण लागते, आणि मग आठवड्या-पंधरवड्यांत पायांतली शक्ति जाते. जंतूंशीं लढणारी शरीराचीच शक्ति चुकून आपल्या मज्जातंतूंवर उठते. कांहींना श्वास घेण्यास यंत्र लावावें लागलें. पुणें व आसपास दोनशेंहून अधिक रोगी आढळले, आणि कांहीं दगावले. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. पण त्याच्या आधींची हगवण घाण पाण्यांतून व अन्नांतून येते. तपासणींत अनेक रोग्यांच्या पोटांत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतू आणि नोरोव्हायरस सांपडले.

तेथलें पाणी कसलें होतें? विहिरीचें. शुद्धीकरण केंद्रांत गाळलेलें नव्हे. क्लोरीन घालून तसेंच नळांत सोडलेलें. खडकवासल्याचें धरण डोळ्यांपुढें, त्याच धरणाचें पाणी शुद्ध होऊन पुण्याच्या पेठांत जातें, आणि धरणाजवळच्या गांवांस मात्र विहिरीचें! धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केली नाहीं. बोंब झाल्यावर क्लोरीनची मात्रा वाढली, नमुने तपासले गेले, कांहीं खाजगी पाणी-केंद्रांस टाळें लागलें. बैल गेला आणि झोपा केला.

आम्ही महापालिकेस शिव्या देण्यास उभे नाहीं. शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या, मैलापाण्याचीं गटारें हीं कामें एका रात्रींत होत नाहींत. कोट्यवधि रुपये आणि वर्षें लागतात. शिवाय खडकवासल्याचें पाणी एकट्या पुण्याचें नाहीं. त्याच कालव्यावर हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतकऱ्यांचीं पिकें उभीं आहेत. शहराला एक हांडा जास्त दिला, तर तो कोणाच्या तरी उसाचा असतो. सबब प्रश्न अवघड आहे हें आम्हांस मान्य. पण अवघड प्रश्नाचें उत्तर कोणी शोधावें, कोणाच्या गांवाला आधीं पाणी द्यावें, हें ठरवतांना ज्याच्या तोंडीं तें पाणी जाणार तो माणूस तेथें बसलेला नको काय?

दुसरें उदाहरण उरुळी देवाची आणि फुरसुंगीचें. पुण्याचा कचरा या गांवांत वर्षानुवर्षें पडला, आणि त्याच्या घाणीनें विहिरी नासल्या. सन २०१७ मध्यें हीं गांवें शहरांत घेतलीं. पुढें त्यांस बाहेर काढून २०२४ मध्यें त्यांची वेगळी नगरपरिषद केली. आंत गेले, बाहेर आले. पण हद्दीची रेघ हालल्यानें विहीर गोड होत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, "आंत कीं बाहेर" हा भांडणाचा मुद्दाच नव्हे. आपल्या पैशाचा आणि पाण्याचा हिशेब विचारणारा कोणी आहे कीं नाहीं, हा मुद्दा.

हिशेब विचारणाराची पुण्यांत जुनी परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळांत पुणें म्युनिसिपालटीचे सभासद होते. सन १८८० मध्यें व्हाइसरॉय लिटन साहेब पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतास म्युनिसिपालटीनें हजार रुपये खर्च करावे असें ठरलें. बाकीचे सभासद गप्प. जोतीरावांनीं एकट्यानें विरोध केला. हे पैसे गरिबांच्या मुलांच्या शिक्षणास लावा म्हणाले. ठराव त्यांच्याविरुद्ध गेला. पण दीडशें वर्षें होत आलीं, तरी ठराव करणारांचीं नांवें कोणाच्या ध्यानांत नाहींत, आणि विरोध करणाराचें नांव आज पुण्याच्या मंडईला आहे.

आतां कामाचें बोलूं. आपलें गांव उद्यां गेलें तर काय करावयाचें?

पहिलें, मत. शहरांत एका प्रभागांतून बहुधा चार नगरसेवक निवडले जातात. चौघांपैकीं प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवूं शकतो. म्हणून मत मागण्यास येतील तेव्हांच चौघांनाही एकाच ओट्यावर बसवा आणि पाण्याचें विचारा.

दुसरें, अंदाजपत्रक. पुणें महापालिकेचें २०२५-२६ चें अंदाजपत्रक बारा हजार सहाशें कोटींच्या वरचें होतें. त्यांत आपल्या आळीच्या गटाराचा एक रुपया तरी आहे काय, हें कोणी पाहिलें? नागरिकांनीं आपल्या प्रभागांतलीं कामें सुचवावींत अशी सोय तेथें बरींच वर्षें आहे. शिकलेल्या वसाहतींतले लोक अर्ज भरतात. आपण "आपल्याला काय कळतंय" म्हणून घरीं बसतों. मग पैसा कोठें जाईल?

तिसरें, कागद. सन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांच्या शुल्कावर कोणीही माहिती मागूं शकतो, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये नाहींत. आमच्या नळाचें पाणी शेवटचें केव्हां तपासलें, काय निघालें, एवढ्या दोन ओळींचा अर्ज भल्याभल्यांची झोंप मोडतो. लिहितां येत नसेल तर शाळेंत या. आम्ही लिहून देऊं, आणि मुलांकडून लिहवूनही घेऊं.

चौथें, सभा. शहरांतही ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा असावी अशी तरतूद २००९ मध्यें महाराष्ट्राच्या कायद्यांत झाली आहे. पण ती बहुतेक ठिकाणीं कागदावरच राहिली. न मागतां कोण देतो? ग्रामसभा जाईल त्याच दिवसापासून क्षेत्रसभा मागावयाची.

आणि तोंवर, बायांनो, पावसाळ्यांत व साथीच्या दिवसांत पाणी चांगलें खळखळून उकळल्याशिवाय पोरांच्या तोंडीं देऊं नका. हक्काची लढाई चालू राहील. लेंकरू मात्र आज प्यायला मागतें.

एक शेवटची विनंती. गांव अजून आपलें आहे आणि ग्रामसभा अजून आपली आहे. मागल्या सभेंत आम्हीं डोकीं मोजलीं, गणसंख्येचीच मारामार. जे आज चार पावलांवरच्या चावडीत येत नाहींत, ते उद्यां बसचें तिकीट काढून महापालिकेंत जातील, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. विचारण्याची संवय येथेंच लागली पाहिजे. पुढच्या सभेस प्रत्येक घरांतून एक पुरुष आणि एक बाई या; येतांना घरपट्टीची पावती घेऊन या. वाचतां न आली तर शेजारीं चौथीतलें पोर बसवा. तें वाचील, तुम्ही विचारा.