भजनाला कोण आलं नाही?



कापसाच्या भावावर बोलून झालं. आता थोडं भजनावर. हसू नका, मी शेतकी शिकलेला माणूस, हिशेबानंच बोलतो.

बसल्या जागी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. इटलीतल्या डॉक्टरांनी जप करणाऱ्यांचे श्वास मोजले. २००१ साली छापलं, ते ६ वर येतात. श्वास लांब सोडला की काळजाचे ठोके मंदावतात. आपल्या आज्यांनी हे मोजलं नव्हतं, पण जात्यावर ओवी म्हणून मन मोकळं केलं. गिरणी आली, कष्ट वाचले, ते बोलणंही गेलं. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावं एकत्र बसवली, ती याच विदर्भात.

भजनानं कर्ज फिटत नाही, भाव मिळत नाही. त्यासाठी लढावंच लागेल. पण कर्जानं पिचलेला माणूस आधी गप्प होतो, मग घराबाहेर पडत नाही. म्हणून आठवड्यातली एक रात्र सगळे पारावर बसा. टाळ वाजवता वाजवता बघा, आज कोण आलं नाही. त्याच रात्री दोघंतिघं त्याच्या दारी जा.

लढायला माणूस जिवंत पाहिजे.