गणवेशातले बटाटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"परदेशातला एखादा पदार्थ सांगा," असे चिटणीसबाईंनी फर्मावले, तेव्हा मी बटाट्याच्या रशियन सॅलडचे नाव दिले. लगेच दोघीतिघींनी विचारले, "म्हणजे हॉटेलात मिळते ते? अननस घातलेले, गोडसर?" नव्हे हो! मॉस्कोतल्या एखाद्या बाईपुढे ते ठेवले असते, तर तिने ओळखच दाखवली नसती.

आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे १९९० ते १९९२ अशी दोन वर्षे आम्ही मॉस्कोत काढली. समोरच्या बिऱ्हाडात एक आजी एकट्याच राहत. मला त्या 'दोच्का' म्हणत; दोच्का म्हणजे लेक. बाहेर पडताना त्यांच्या हातात जाळीची एक पिशवी असायचीच. तिचे नाव 'अवोस्का', म्हणजे आपल्या भाषेत 'मिळालेच काही तर'ची पिशवी! दिवस रांगांचे होते. एखाद्या दुकानात मटारचा डबा दिसला, की तो घेऊन फळीवर मागे दडवायचा, तो थेट ३१ डिसेंबरला काढायचा.

नववर्षाची रात्र हा तिकडचा सर्वांत मोठा घरगुती सण, आणि हे सॅलड नसेल तर तो सण नव्हेच. त्याला म्हणतात 'ऑलिव्हिए'. एकोणिसाव्या शतकात मॉस्कोच्या 'एर्मिताझ' ह्या बड्या उपाहारगृहात ल्यूसियन ऑलिव्हिए नावाचा आचारी होता, त्याचे हे नाव. त्याच्या सॅलडात रानपक्ष्यांचे मांस आणि असल्याच उंची वस्तू असत. पुढे क्रांती झाली, श्रीमंती थाट गेला, आणि सामान्य घरात त्याच नावाखाली बटाटा, गाजर, मटार, अंडी आणि मांसाचे सॉसेज आले. सरदारांचे पक्वान्न चाळीत राहायला आले, म्हणा ना!

आता माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आजींनी आम्हांला जेवायला बोलावले आणि मोठ्या हौसेने बशी पुढे केली. आमच्या घरी मांस-अंडे चालत नाही. पण नम्रपणे तसे सांगायचे सोडून मी तोंड वाकडे करून बशी सारली. आजी काही बोलल्या नाहीत. बशी उचलून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तो डबा त्यांनी किती महिने जपला होता, हे मला मागाहून कळले.

मग १९९१ साल उजाडले आणि मावळलेही. २५ डिसेंबरच्या संध्याकाळी क्रेमलिनवरचा लाल बावटा उतरला. २ जानेवारीपासून भाव मोकळे सुटणार, हे सर्वांना ठाऊक होते. आजींची तर सारी पुंजी बँकेच्या पुस्तकात. त्या ३१ तारखेला त्यांनी आमची घंटा वाजवली. हातात दोन वाडगे. मोठा नेहमीचा. लहान्यात सॉसेज नाही, अंडे नाही, आणि अंड्याच्या मेयोनेझऐवजी 'स्मेताना', म्हणजे आंबवलेली साय. एकच डबा फोडून मटार दोन्हींत वाटले होते. "दोच्का, हे तुझे," एवढेच म्हणाल्या. मैत्रिणींनो, त्या रात्री मी तो वाडगा पुसून खाल्ला. पुढच्या काही महिन्यांत आजींची पुंजी मातीमोल झाली.

आता कृती. हे प्रमाण सहा माणसांना पुरते.

अर्धा किलो बटाटे आणि दोन गाजरे सालासकट उकडावीत. सालासकट उकडलेल्या बटाट्यांना रशियन लोक 'गणवेशातले बटाटे' म्हणतात! भाजीसाठी उकडतो तितके मऊ करू नयेत. सुरी जाईल, पण फोड मोडणार नाही, इतपतच. पूर्ण गार होऊ द्यावेत, मगच सोलून चिरावेत. कोमट बटाट्याचा लगदा होतो आणि चक्क्याला पाणी सुटते. वाटीभर मटार वाफवावेत. सारे काही मटाराच्या दाण्याएवढे चिरावे; सगळी गंमत ह्यातच आहे.

आंबटपणाला लागते खारातली काकडी. लहान, कोवळ्या काकड्या बरणीत भराव्यात, लसूण आणि शेपू घालावा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून ओतावे व काकड्या बुडालेल्या राहतील असे वजन ठेवावे. आपल्या हवेत दोनतीन दिवसांत आंबटसर होतात. अशा तीन काकड्या बारीक चिरून पिळून घालाव्यात. शिवाय एक लहान कांदा आणि मूठभर शेपू. हो, आपला शेपूच! तो तिकडे जवळजवळ प्रत्येक पदार्थावर असतो.

एक वाटी चक्का, चमचाभर तेल, पाव चमचा मोहरीपूड, मीठ व मिरी फेटून वाढण्यापूर्वी कालवावे. अंडी चालत असतील त्यांनी तीन उकडून, चिरून घालावीत. कच्च्या अंड्याचे मेयोनेझ मात्र आपल्या उकाड्यात घरी करण्याच्या फंदात पडू नये. कालवलेले सॅलड तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये.

आज मी दोन वाडगे आणले आहेत. एकात अंडे आहे, एकात नाही. कुणाला काय चालते, हे मी आधीच घरोघर विचारून आले आहे. पदार्थ आजींनी शिकवला, आणि हे विचारणेही त्यांनीच शिकवले. आता बोलणे पुरे; बशा पुढे करा.