न झालेल्या आजाराचा खर्च
(गणेशोत्सवात नार्वे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर बोलवायला हवा होता, असे काहींना वाटत असेल. मी डॉक्टर नव्हे, डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. पण आज मला औषधाविषयी बोलायचे नाही, पैशाविषयी बोलायचे आहे. आजार होऊच नये म्हणून लागणारा पैसा कुठून यावा, कुणाच्या हाती असावा आणि तो दर 31 मार्चला का संपू नये, एवढाच विषय. फायली हाताळून हाताळून तेवढे कळू लागते. सरकारी नोकर असल्यामुळे मी कुठल्या खात्यावर टीका करायला आलेलो नाही. ते नियमातही बसत नाही.

सुरुवात आपल्या समोरच्या तीरावरून करू. धक्क्यावर फेरीबोटीत बसलो की दिवाडी, आणि दिवाडी ओलांडून पुन्हा फेरी घेतली की जुने गोवे. आपला सप्तकोटेश्वर दिवाडीहूनच नदी ओलांडून इकडे आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या जुन्या गोव्यात एक मोठे इस्पितळ होते. 1510 मध्ये आल्बुकेर्कच्या वेळी सुरू झालेले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी तिथे रुग्ण म्हणून राहिला. त्याने त्या इस्पितळाची इतकी तारीफ केली आहे, की जगात तसे दुसरे नसेल असे त्याला वाटले.

असे इस्पितळ असलेले शहर रोगराईने ओस पडले. इतिहासकार कारण देतात ते साधे आहे: जमीन पाणी झिरपू देणारी, वस्ती दाट, आणि सांडपाणी मुरून विहिरींत उतरणारे. 1543 मध्ये तिथे पटकीची मोठी साथ आली. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. पोर्तुगीज या रोगाला जे नाव देत, ते आपल्या ‘मोडशी’ या शब्दावरून आलेले. पुढे फ्रेंचांनी त्या शब्दाची मोडतोड करून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ काढला, तो भाग वेगळा. पटकी आणि हिवताप पिढ्यानपिढ्या चालले. 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला, आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. इस्पितळावर खर्च करणारे राज्य होते, पण विहिरींचे पाणी शेवटपर्यंत सुधारले नाही.

आता आपल्याकडे येऊ. उपचाराच्या बाबतीत गोवा सरकारने हात आखडता घेतलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बांबोळीला गोमेकॉ आहे. 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच मिळाले. अनेक घरे त्यामुळे कर्जातून वाचली. पण 2023 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के, आणि गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. चार प्रौढांमागे एक! या सभेत बसलेल्यांनी आपापल्या रांगेत मोजून पाहावे. कार्डावरची रक्कम पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेला मिळेल, पण त्या माणसाची साखर दहा वर्षांपूर्वी तपासून त्याच्या मागे लागायला कुणाला पैसे मिळणार?

असे का होते, तर आजारी माणूस दारात उभा असतो. त्याचे नातेवाईक आमदाराकडे जातात, वर्तमानपत्रात बातमी येते, पैसा सुटतो. ज्याला आजार झालाच नाही तो कुणाकडे अर्ज घेऊन जाणार? साथ आली नाही, तर ‘खर्च कशाला केला’ असे विचारणारेच निघतात.

दुसरी अडचण कॅलेंडरची आहे. 2015 मध्ये आपल्या शेजारच्या सत्तरीत, पाळी गावात माकडतापाची साथ आली. पुढच्या वर्षी माणसेही दगावली. हा रोग गोचिडीमुळे होतो, आणि त्याचा हंगाम साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम, जेव्हा बायामाणसे पहाटे बागायतीत बोंडू वेचायला जातात. अंगाला लावायचे तेल, रानात मेलेल्या माकडाची खबर देणारा माणूस, घरोघर फिरणारे कर्मचारी हे सगळे नेमके त्या पाच महिन्यांत लागते. आणि सरकारी वर्ष त्या हंगामाच्या मधोमध, 31 मार्चला संपते. उरलेली रक्कम परत, नवीन मंजुरी पुढे कधीतरी. डेंग्यू-मलेरियाचेही तेच. पाणी साचायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये काम व्हायला हवे, आणि नेमकी तेव्हा नव्या वर्षाची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत असते. यात कुणाचा आळस असलाच पाहिजे असे नाही. वार्षिक अंदाजपत्रकाची ती रीतच आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की रोगप्रतिबंधासाठी राज्याने कायदा करून एक वेगळा न्यास स्थापन करावा. त्याचा पैसा वर्षाअखेर बुडणार नाही, इस्पितळाच्या इमारतीकडे वळवता येणार नाही, आणि त्याचा हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे येईल.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. असा न्यास आपल्या दिचोलीच्या लोकांना अनोळखी नसावा. 2015 मध्ये केंद्राने खाण कायद्यात दुरुस्ती केली, आणि खाणग्रस्त जिल्ह्यांत ना नफा तत्त्वावर चालणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान हे न्यास राज्य सरकारांनी स्थापन करायचे ठरले. जुन्या लीजवाल्यांनी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातून लीज घेणाऱ्यांनी 10 टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरायची. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान 60 टक्के खर्च पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता अशा कामांवर व्हायचा. उरलेल्यात रस्ते, पूल वगैरे. त्याआधी, 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खनिजविक्रीतील 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितले होते. म्हणजे पैसा कुंपण घालून बाजूला ठेवायची कल्पना आपल्याच मातीतल्या खटल्यातून मान्य झालेली आहे.

पण खनिजाचा पैसा खाण चालली तर येतो. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रक आणि बार्ज बंद पडून काय झाले ते मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय हा निधी खाणग्रस्त भागापुरता आहे, पेडण्याच्या गावाला त्याचा उपयोग नाही. आरोग्याच्या न्यासाला कायमचे उत्पन्न हवे.

ते कुठून आणायचे, याची उदाहरणे आहेत. थायलंडने 2001 साली कायदा केला: दारू आणि तंबाखूवरच्या अबकारी करावर 2 टक्के अधिभार, आणि ती रक्कम थेट आरोग्य संवर्धनाच्या निधीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1987 मध्येच तंबाखूवरच्या करातून असे प्रतिष्ठान काढले. खेळाच्या मैदानांवर सिगारेट कंपन्यांच्या नावांचे फलक असत, ते प्रायोजकत्व या पैशाने आपल्याकडे घेतले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये विमा कंपन्या आणि इस्पितळे यांच्याकडून 6 कोटी डॉलर उभे केले आणि चार वर्षांसाठी तंबाखू, रक्तदाब, मुलांचा दमा व म्हाताऱ्या माणसांचे घरात पडणे या चार गोष्टींवर खर्च करायचे ठरवले. शेवटची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. आपल्या घरातल्या आजीचे खुब्याचे हाड न्हाणीघरात मोडते, आणि तिथे एक धरायची दांडी बसवायला कितीसा खर्च येतो? पण मॅसॅच्युसेट्सचा निधी मुदतीचा होता. मुदत संपली, पुन्हा मंजुरी मिळाली नाही, आणि 2017 मध्ये तो संपला. आपल्याला घ्यायचा धडा तो आहे.

आपल्याकडे तंबाखू जीएसटीत गेल्यामुळे राज्याला त्यावर परस्पर अधिभार लावता येत नाही. दारू मात्र जीएसटीबाहेर आहे, तिचा अबकारी कर राज्याच्या हाती आहे. गोव्यात दारू स्वस्त आहे हे सांगायला माझी गरज नाही. एक-दोन टक्क्यांच्या अधिभाराने पर्यटक परत फिरेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कॅसिनोंच्या शुल्कातला थोडा वाटाही कायद्याने बांधून देता येईल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: आणखी एक महामंडळ, आणखी एक अध्यक्ष, आणखी एक गाडी. त्यासाठी कायद्यातच लिहावे लागेल की कार्यालयीन खर्चाला मर्यादा किती, इमारती बांधायच्या नाहीत, आणि ठराविक हिस्सा थेट गावांच्या कामाला द्यायचा. खनिज निधीचाही अनुभव हेच सांगतो, की पैसा जमणे वेगळे आणि तो योग्य ठिकाणी लागणे वेगळे. रस्त्याचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीला फीत कुठे बांधणार?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ग्रामसभा आपली आहे आणि खनिज प्रतिष्ठानही अस्तित्वात आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडता येतील. पहिला, गावातील विहिरी आणि झरींच्या पाण्याची पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर तपासणी, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाची वर्षातून एकदा साखर व रक्तदाब तपासणी, यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे रीतसर मागणी. दुसरा, राज्याने रोगप्रतिबंधासाठी कायद्याने न्यास स्थापन करावा, अशी शिफारस मतदारसंघाच्या आमदारांमार्फत सरकारकडे. मसुदा मी टंकून आणला आहे. आरतीनंतर सचिवांकडे ठेवतो, ज्यांना सही करायची त्यांनी वाचून करावी.