घोड्याचे दात : किती घासावेत, किती राखावेत



मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबा यात्रेतील घोडेबाजार तेरखेड्याच्या श्रोत्यांना नवा नाही. तेथे गिऱ्हाईक प्रथम जनावराचा ओठ उचलून दात पाहते. वरच्या कोपऱ्यातील पुढच्या दातावर साधारण १० व्या वर्षी एक उभी खाच दिसू लागते. २० व्या वर्षाच्या सुमारास ती टोकापर्यंत पोहोचते. युरोपात पूर्वी काही लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, त्यांत काळे डाग पाडून तो तरुण म्हणून विकीत. आखूड गजाने कापड मोजण्याचाच हा प्रकार!

आजचा पशुवैद्य दात घासतो तो मात्र जनावराच्या सुखासाठी. घोड्याची दाढ हिरडीतून वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वर सरकते आणि चर्वणाने तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्याने वरच्या दाढांच्या बाहेरच्या व खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजायच्या राहतात. रानात चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा भरपूर फिरतो. दाणा-खुराकावर ठेवलेल्या घोड्याचा तितका फिरत नाही. मग कडा सुरीसारख्या धारदार होऊन गाल व जीभ सोलतात. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडतात, घोडा रोडावतो. वरातीच्या घोड्याने मान झटकली की धनी त्याला हट्टी समजून लगाम आणखी ओढतो, आणि तोच लगाम जखमी गाल दाढेवर दाबतो. मुक्या जिवाने सांगावे तरी कोणाला?

उपाय जुनाच आहे, कानस. आता जोडीला भुलीचे औषध, जबडा उघडा ठेवणारी चौकट आणि विजेवर फिरणारी यंत्रे आली. काम सोपे झाले, पण धोकाही वाढला. यंत्राच्या उष्णतेने दाताच्या आतील जिवंत गर पोळू शकतो. शिवाय चर्वणाचा पृष्ठभाग खडबडीतच हवा. तो आरशासारखा गुळगुळीत केला तर गवत दळले जाणार कसे? दाताची एकूण लांबी तारुण्यातच ठरलेली असते. घासून गेलेला भाग म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. ती पुन्हा जमा होत नाही. पुढचे दात केवळ देखणे दिसावेत म्हणून घासणे तर सर्वथा अनुचित होय.

तेव्हा वर्षातून एकदा नोंदणीकृत पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे आणि टोचणारी धार तेवढीच काढावी. मधल्या काळात धन्याने लीद पाहावी. तीत अख्खे दाणे दिसू लागले, तर वर्षाची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.