समुद्र कुणी ओलांडायचा?

ब्रिटनच्या कानाकोपऱ्यातून आलेले मराठी डॉक्टर आणि परिचारिका, महाराष्ट्रातून एवढा लांबचा प्रवास करून आलेले पाहुणे, आणि ज्यांच्या बेटावर आपण आज जमलो आहोत ते लुइसचे रहिवासी, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं स्टॉर्नोवेमध्ये मनःपूर्वक स्वागत करते. कालची बोट वाऱ्यामुळे सुटली नाही आणि काही प्रतिनिधींना रात्र समुद्रापलीकडच्या अलापूलला काढावी लागली. आज सकाळी ते सुखरूप पोचले याचा आम्हाला विशेष आनंद आहे.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची ओळख करून द्यायची, हा आपल्या संमेलनांचा जुना रिवाज. तो मी पाळणार आहे, कारण इथला भूगोल समजल्याशिवाय इथल्या म्हातारपणाची दुखणी समजत नाहीत. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर उत्तर-दक्षिण पसरलेली ही बेटांची रांग सुमारे 200 किलोमीटर लांब आहे. तिच्यावर जेमतेम 26 हजार माणसं राहतात आणि त्यांतलं साधारण दर चौथं माणूस पासष्टीच्या पुढचं आहे. उत्तरेला लुइस आणि हॅरिस, मग नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट आणि दक्षिणेला बॅरा. मधली बेटं समुद्रात भराव घालून आणि पूल बांधून एकमेकांना जोडली गेली. त्यातला एक रस्ता महायुद्धात, 1942 साली झाला, एरिस्के बेटाचा तर अगदी अलीकडे, 2001 साली. तरी स्टॉर्नोवेहून बॅराला गाडीने जायचं तर वाटेत दोन बोटी लागतात. ग्लासगोहून बॅराला येणारं विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, त्यामुळे त्याचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. तिथल्या रुग्णाला तपासायला निघालेल्या तज्ज्ञाने आधी भरतीचं कोष्टक बघायचं असतं.

आणि उजेडाचं सांगायला हवं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, हे आपण सगळे शिकलो आहोत. इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र मध्यरात्रीही क्षितिजावर उजेड असतो आणि ज्यांचं झोपेचं गणित आधीच बिघडलेलं आहे, अशी म्हातारी माणसं पहाटे दोनला गुरांकडे बघायला म्हणून घराबाहेर पडतात.

मी वृद्धांची मनोविकारतज्ज्ञ म्हणून या बेटांवर बरीच वर्षं काम करते आहे. आपल्यातले बहुतेक लोक मोठ्या शहरांत, मोठ्या इस्पितळांत काम करतात. म्हणून उद्याच्या परिसंवादाआधी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवावीशी वाटते. बेटावरच्या म्हाताऱ्या माणसाला उपचारांसाठी समुद्रापलीकडे नेणं ही निव्वळ वाहतुकीची बाब मानली जाते. माझ्या मते तो वैद्यकीय निर्णय आहे आणि औषधासारखेच त्याचेही दुष्परिणाम असतात.

ब्याऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा विचार करा. लघवीच्या जंतुसंसर्गाने तिच्या डोक्यात गोंधळ झाला आहे. घरात तिला किटली कुठे आहे ते ठाऊक असतं, जिन्याची पायरी पायांना ठाऊक असते, शेजारीण कधी येते ते ठाऊक असतं. तिला तिथून उचलून विमानात घातलं, आवाज, पट्टे, अनोळखी चेहरे, मग दिव्यांनी उजळलेला परका वॉर्ड, की तो गोंधळ कित्येक पटींनी वाढतो. चार दिवसांत उतरला असता तो भ्रम चार आठवडे राहतो. मग कुणीतरी कागदावर लिहितं, ‘घरी एकटं राहण्यास असमर्थ’. कायदाही वाऱ्यासाठी थांबत नाही. 2003 च्या स्कॉटिश मानसिक आरोग्य कायद्यानुसार तातडीने रुग्णाला रोखून ठेवण्याची मुदत 72 तास असते. वादळ तीन दिवस चाललं तरी ती वाढत नाही. काही रुग्णांना मुख्य भूमीवर पाठवावंच लागतं, ते मी नाकारत नाही. पण पाठवण्याआधी तिथे काय मिळणार आणि इथलं काय जाणार, हे दोन्ही लिहून काढावं असा माझा आग्रह असतो.

रुग्णाला असं मुख्य भूमीवर पाठवण्याला इतिहास आहे. 1864 साली इन्व्हर्नेसजवळ जिल्ह्याचं वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. पुढे ते क्रेग डुनेन म्हणून ओळखलं गेलं आणि 2000 साली बंद झालं. शंभराहून अधिक वर्षं या बेटांवरच्या मनोरुग्णांची वाट तिकडेच जात होती. इथल्या गेलिकखेरीज दुसरी भाषा न येणारी माणसं तिथे गेली. भेटायला जायचं म्हणजे बोट, पुढचा प्रवास आणि हातचं काम सोडून काढलेले कित्येक दिवस. त्यामुळे नातेवाईक क्वचितच जाऊ शकत. गेलेल्यांपैकी कित्येक परत आले नाहीत. आजही इथल्या वयस्कर माणसापुढे इन्व्हर्नेसचं नाव काढलं की त्याचा चेहरा बदलतो. ‘तपासणीसाठी दोन दिवस’ असं आपण म्हणतो, पण त्याला त्याच्या चुलतआजोबांचं आयुष्य आठवत असतं.

याच बेटांचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 1912 साली सर जॉन ड्यूअर यांच्या समितीने हायलंड्स आणि बेटांवरच्या वैद्यकीय सोयींची चौकशी केली. डॉक्टर थोडे, त्यांची मिळकत तुटपुंजी, अंतरं अफाट, आणि अनेक मृत्यूंना डॉक्टरचा दाखलाच नाही, असं चित्र समोर आलं. त्यावर 1913 साली सरकारने वर्षाला 42 हजार पौंडांचं अनुदान देऊन इथे स्वतंत्र वैद्यकीय सेवा उभी केली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 1948 ची, म्हणजे तिच्याआधी 35 वर्षं. या योजनेत डॉक्टरला किमान मिळकतीची हमी दिली, त्याच्या प्रवासाचा खर्च सरकारने उचलला, आणि रुग्ण दाराशी राहतो की डोंगरापलीकडे यावर फी ठरणं बंद झालं.

म्हणजे शरीराच्या दुखण्यासाठी डॉक्टरने, परिचारिकेने, शल्यविशारदाने समुद्र ओलांडायचा हे तत्त्व इथे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालं. मनाच्या दुखण्यासाठी मात्र पुढेही कित्येक दशकं रुग्णालाच समुद्र ओलांडावा लागला. आमची शाखा ब्रिटनमध्ये स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून अधिकृतपणे मान्य झाली तीच मुळी 1989 साली. मनोविकारतज्ज्ञ सर मार्टिन रॉथ यांनी तर 1955 मध्येच दाखवून दिलं होतं की वृद्धांचे सगळे मनोविकार म्हणजे मेंदूचा ऱ्हास नव्हे, त्यांत बरं होणारं नैराश्य असतं आणि उतरणारा भ्रमही असतो. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होतात, इथेही ‘वय झालं’ म्हणतात. दोन्हीकडे त्या एका वाक्यात कितीतरी औषधाने बरी होणारी माणसं गाडली जातात.

आता भाषेबद्दल. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेली इथली बहुतेक माणसं पाच वर्षांची होऊन शाळेत गेली तेव्हा त्यांना फक्त गेलिक येत होती. शिक्षण मात्र इंग्रजीत. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी इथे घराघरांत आहेत. डॉक्टर, बँक आणि सरकार यांच्याशी इंग्रजीतच बोलायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी ओसरते. रुग्ण आदबीपोटी इंग्रजीत बोलू पाहतो, शब्द सापडत नाही, गप्प होतो, आणि आपण त्याला शून्य गुण देतो.

आपण सगळे ज्या चाचण्या वापरतो त्यांच्याकडे एकदा बेटावरून बघा. एका चाचणीत ‘पी’ अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगायचे असतात. गेलिक वर्णमालेत अक्षरं अठरा, आणि ‘पी’पासून सुरू होणारे मूळचे गेलिक शब्द फार थोडे. त्याच चाचणीत लक्षात ठेवायचा पत्ता आहे तो दक्षिण इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला, फळबागेचं नाव असलेल्या गल्लीतला. लुइसवर झाडंच विरळ. इथला पत्ता म्हणजे गावाचं नाव आणि जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक. दुसऱ्या एका चाचणीत आपण कितव्या मजल्यावर आहोत ते विचारतात, आणि रुग्ण बसलेला असतो स्वतःच्या एकमजली घरात, शेगडीशेजारी. चाचणी टाकून द्या असं मी म्हणत नाही, मीही ती वापरते. पण गुणांचा आकडा लिहिण्याआधी त्या माणसाचं आयुष्य विचारलंच पाहिजे. हॅरिस ट्वीडच्या मागावरचा धागा जुळवता येतो का? पीटचं जळण नीट रचता येतं का? रविवारी कपडे वाळत घातले होते का? लुइसवर रविवार कडकपणे पाळला जातो, स्टॉर्नोवेहून रविवारची बोटसुद्धा 2009 साली सुरू झाली. जन्मभर रविवार पाळलेल्या आजीच्या दोरीवर रविवारी चादरी दिसल्या तर शेजारच्या बाईला जे कळतं ते कुठल्याच चाचणीत कळत नाही. आणि त्याच आजीला वार सांगता आला नाही, तरी चर्चमध्ये गायकाने गेलिक स्तोत्राची ओळ उचलून दिली की पुढची ओळ ती बिनचूक गाते. हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे आणि दर वेळी मला तेवढाच धीर येतो.

आपण एकेका रुग्णाची गोष्ट ऐकायला उत्सुक असाल. ती मी सांगणार नाही. चाळीस उंबऱ्यांच्या गावात नाव गाळून सांगितलेली हकीकतही दुसऱ्या दिवशी ओळखली जाते. माझी गाडी कुणाच्या दारात किती वेळ उभी होती, हे संध्याकाळपर्यंत गावाला माहीत असतं. म्हणून मी गाडी लांब लावते, जिल्हा परिचारिकेबरोबर जाते, आणि दुकानात रुग्ण भेटला तर त्याने ओळख दिल्याशिवाय मी देत नाही. याच ओळखीची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथल्या माणसाच्या चिमणीतून सकाळी धूर दिसला नाही, तर दहाच्या आत कुणीतरी दार ठोठावतं. शहरात मी पैसे मोजूनही अशी देखरेख मिळवू शकले नसते.

व्हिडिओवरून तपासणीची सोय आता सगळ्या स्कॉटलंडभर आहे आणि तिने आमची पुष्कळ अडचण दूर केली. पण करपलेल्या भांड्याचा वास पडद्यावरून येत नाही, फ्रीजमध्ये दूध किती दिवसांचं आहे ते दिसत नाही. कमी ऐकू येणाऱ्या नव्वदीच्या माणसाला पडद्यावरचा चेहरा दूरचित्रवाणीवरचा वाटतो. रुग्णाशेजारी त्याची भाषा बोलणारी परिचारिका बसलेली असेल तरच ती भेट खरी भेट होते. उद्या दुपारच्या सत्रात यूइस्टच्या आमच्या परिचारिका यावर बोलणार आहेत. ते सत्र कृपया चुकवू नका.

आपल्या मराठी माणसांना हे परकं वाटू नये. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये आलेले मराठी डॉक्टर आज पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत, आणि त्यांच्यातही इंग्रजी विसरून मराठीत पाणी मागणारी माणसं असणार, अशा वृद्धाश्रमांत, जिथे ते कुणालाच कळत नाही. कोकणातली कितीतरी गावं मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्यांची झाली आहेत, तशीच इथली गावं ग्लासगो-अ‍ॅबरडीनला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांची झाली. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुसंख्य खेड्यांत आहेत, आणि आमची शाखा मात्र मुख्यतः शहरांत.

तरुण मित्रहो, इथल्या जागा वारंवार रिकाम्या राहतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांसाठी आलेल्या बदली डॉक्टरांवर काम चालतं. बेटावर विश्वास बसायला वर्ष जातं, म्हणून निदान दोन वर्षांसाठी या. येताना गेलिकचे पहिले धडे घेऊन या. भाषा पूर्ण यायला हवी असं नाही, ‘झोप लागली का’ एवढं रुग्णाच्या बोलीत विचारता आलं तरी पुष्कळ पुढे जाता येतं.

आणि आज जमलेल्या सर्वांना एक विनंती. आपल्या संमेलनात ठराव करण्याची परंपरा आहे. वृद्ध मनोरुग्णाकडे जाण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर आणि परिचारिका जो प्रवास करतात, तो पूर्णपणे कामाचा वेळ धरला जावा आणि त्याचा खर्च सरकारने द्यावा, मग तो बॅरा बेटाचा असो की सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीचा, असा ठराव मी उद्याच्या समारोपाच्या सत्रात मांडणार आहे. त्यावर मोकळेपणाने चर्चा करावी, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पटला तर त्याला आपला पाठिंबा द्यावा.