दहाच्या आतला नोकर
(करमाड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



शेंद्र्याच्या कारखान्यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज जालना रस्त्यावरच्या आपल्या बाजारपेठेकडे पाहू. किराणा, कापड, खते, हॉटेल. नोकर दोन-तीन, फार तर पाच.

१९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जेथे लागू होता, तेथे एका नोकराचे दुकानही त्याच्या कक्षेत येई. २०१७ च्या कायद्याने दिवसाचे नऊ तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट वेतन, मालकाने द्यावयाचे ओळखपत्र हे सारे मान्य केले. पण कामगार दहा वा अधिक असतील तरच. त्याखालील मालकाने सूचनापत्र दिले की भागते. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर आणि नऊ तास दहावर नेण्याचे ठरविले.

छोट्या व्यापाऱ्याचा कागदोपत्री जाच कमी व्हावा, हे मला मान्य आहे. तो काही भांडवलदार नव्हे. परंतु नोंदणी माफ करणे निराळे आणि नोकराची सुट्टी माफ करणे निराळे. तराजू तपासणारा वैधमापन निरीक्षक दुकानात नोकर किती, हे विचारीत नाही. मग श्रमाच्या तासांनाच ही मोजदाद का?

किमान वेतनाला मात्र संख्येची अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही नाही. एका नोकराचा मालकही त्याला बांधलेला आहे. तेव्हा पुढील बैठकीस प्रत्येकाने ओळखीच्या दोघा दुकान-नोकरांना बरोबर आणावे. वेतन किती, तास किती, सुट्टी कोणती, एवढेच प्रथम लिहून घेऊ.