वाचनालयातील आमची दुपारची शाळा

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. आयुष्याची सव्वीस वर्षे ज्या बाईने इतरांना "हळू बोला" असे सांगण्यात घालविली, तिने माईकपुढे उभे राहून भाषण करावे, हे काही मनाला पटेना. पण विषय वाचनालयाचा निघाला नि माझा निश्चय टिकला नाही.

"वाचनालयातील स्त्रिया संगणक कशा शिकल्या" असे पत्रिकेत छापले आहे. ते वाचून मला थोडे संकोचल्यासारखे झाले. कारण आमच्या शिकण्याच्या मुळाशी कौतुकाची गोष्ट नव्हती. चूक होती, आणि ती माझी होती.

नदीपलीकडचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. त्याच्यापुढे आमचे वाचनालय म्हणजे दोन खोल्या, चौदा कपाटे आणि पावसाळ्यात फुगणारे एक दार. आम्ही तिघी तेथे काम करतो. मी ग्रंथपाल, देवघेवीला ताई, आणि मावशी. मावशींचे पद कागदावर काय आहे ते मला आठवावे लागेल, पण कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे त्यांना आठवावे लागत नाही. शिक्षण सातवीपर्यंत. गोदावरी चढू लागली की सारी पंचवटी दुतोंड्या मारुतीकडे पाहते. मावशी खालच्या फळीकडे पाहतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे संगणक आला. एका होतकरू मुलाने दाखल नोंदवहीतली सारी पुस्तके त्यात उतरवून दिली. आम्ही त्याला पेढे दिले आणि वही कपाटात ठेवून दिली. पुढे तो संगणक बिघडला, नवा आला, जुनी यादी नव्यात घातली. आणि पाहतो तो काय, निम्म्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस ह्यांची खिचडी! "केव्हातरी नीट करू" असे म्हणून मी तो विषय बाजूला सारला. नाव शोधले आणि यंत्राने "नाही" म्हटले की आम्हीही "नाही" म्हणू लागलो.

एका संध्याकाळी एक शाळकरी मुलगी 'श्यामची आई' मागावयास आली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला त्यावर बोलावयाचे होते. मी यंत्राला विचारले, यंत्र नाही म्हणाले, मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारले, "बाई, ती पोर रिकाम्या हाताने का गेली?" मी कारण सांगितले. मावशी काही न बोलता आत गेल्या आणि दोन प्रती माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

भगिनींनो, ते पुस्तक साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले. नाशिकला जन्मलेले पुस्तक नाशिकच्या मुलीला मी नाकारले, आणि तेही कपाटात असताना! प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, ह्या अर्थाचा रंगनाथनांचा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याला गुणही चांगले मिळाले होते.

त्या आठवड्यापासून आमची शाळा सुरू झाली. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असे. ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीला आम्ही शिक्षिका नेमले. अक्षरांची खिचडी का झाली, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. जुन्या पद्धतीत संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असत. फक्त त्यांना मराठी अक्षरांचे कपडे घातलेले असत. नव्या यंत्राजवळ ते कपडे नव्हते, म्हणून आतले रूप उघडे पडले. आता युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तीत जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. कोणत्याही गावचे, कोणत्याही कंपनीचे यंत्र असो, २३२५ म्हणजे 'क'च. हे ऐकून ताई म्हणाल्या, "म्हणजे अक्षराचा दाखल क्रमांकच की!" त्यानंतर आम्हांला निराळे समजावून सांगावे लागले नाही.

मावशी मात्र महिनाभर जवळ येईनात. त्यांचे म्हणणे मला अजून आठवते. "वही भिजली तर उन्हात वाळवता येते. ह्याचे काय वाळवायचे?" ऑगस्ट २०१६ च्या पुरात खालच्या फळीवरची पुस्तके त्यांनीच गच्चीवर पान पान उलगडून वाळविली होती. तेव्हा ह्या प्रश्नाला हसण्याची आमची छाती नव्हती. उत्तर शोधावे लागले. आता यादीची एक नक्कल वाचनालयात, एक दुसऱ्या गावी ताईंच्या भावाकडे आणि एक इंटरनेटवरील खात्यात असते. जुनी वहीदेखील परत टेबलावर आली. त्या बाबतीत मावशींचेच खरे ठरले, कारण वही नसती तर बिघडलेली नावे पुन्हा कशावरून लिहिली असती?

मावशींनी वहीतून वाचावे, मी टंकावे, ताईंनी पडद्यावर तपासावे, असा क्रम पडला. अक्षरफळ्यावर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने असतात, हे पाहून मावशींना प्रथमच त्या यंत्राविषयी थोडी आपुलकी वाटली असावी.

यादी पूर्ण झाली. ताईंनी सहज परीक्षा म्हणून 'शामची आई' असे लिहून शोधले. पुन्हा उत्तर आले, नाही! यंत्राला 'श्या' आणि 'शा' ह्यांतले अंतर पुसता येत नव्हते. मी डोक्याला हात लावला. तेव्हा मावशी म्हणाल्या, "लोक ज्या नावाने मागतात ते नावही लिहा ना त्यात." आणि त्या सांगू लागल्या. अमुक पुस्तक बायका नायिकेच्या नावाने मागतात, तमुक पुस्तक सिनेमाच्या नावाने, आणि एक जाड पुस्तक तर "ते निळ्या पाठीचे" म्हणूनच मागितले जाते. आम्ही प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना वाढविला आणि त्याला 'मागण्याचे नाव' म्हटले. हा रकाना भरण्यासाठी मला आणि ताईंना मावशींपुढे वही-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

मागाहून कळले की अमेरिकेत शार्लट नावाच्या शहरी २००६ साली हेलीन ब्लोअर्स ह्या बाईंनी आपल्या ग्रंथालयातील नोकरवर्गासाठी असाच उपक्रम केला होता. इंटरनेटवरील नव्या साधनांचे तेवीस लहान पाठ केले होते. ज्याने त्याने आपल्या सवडीने करावे, चुकावे, पुन्हा करावे. जो पूर्ण करील त्याला गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र भेट. आमच्याकडे पूर्ण केल्याबद्दल ताईंनी कांद्याची भजी आणली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वाचनालयाला कुलूप लागले. राज्यातली वाचनालये उघडण्यास ऑक्टोबर उजाडला. त्या महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवरील सभासदांचा गट हीच आमची खिडकी होती. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो, हे आम्ही त्या वेळी कितीतरी जणींना दाखविले. पण ह्याच गटात एका सभासदांनी नुकत्याच निघालेल्या एका कादंबरीची सारी पाने टिपून टाकली. दोन तासांत वीस नमस्कार आणि फुले! मी ती पाने काढून टाकली, तेव्हा ते गृहस्थ रागावले. "पुस्तके वाटणे हेच तुमचे काम ना?" असे त्यांनी विचारले.

प्रश्न साधा नव्हता. रात्री बराच वेळ मी त्यावर विचार करीत होते. लोक घरांत कोंडलेले, वाचावयास काही नाही, आणि मी कायदा सांगत बसले होते. तरी आपल्या देशाचा कायदा असा आहे की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही मोकळेपणाने छापावी, वाटावी. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत चालेल. आम्ही विकत घेतलेली प्रत दहा जणांना पाळीने देतो, तीत लेखकाची चोरी नाही. दहा हजार नकला फुकट सोडतो, तीत आहे. मी त्या गृहस्थांना फोन करून हे सांगितले आणि गुरुजींची पुस्तके मोकळी आहेत हेही सांगितले. ते पुन्हा वाचनालयात आले नाहीत. त्याचे मला वाईट वाटते, पण ती पाने मी आजही काढलीच असती.

कुसुमाग्रजांचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगते. एका सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाच्या फळ्यासाठी चौघींनी मोबाइलवर आलेली एकच कविता पाठविली. खाली तात्यासाहेबांचे नाव. वाचताना ताईंना खटकली. आम्ही कपाटातले त्यांचे सारे संग्रह काढून दुपारभर चाळले. त्यांत ती कविता नव्हती. फळ्यावर आम्ही संग्रहातली कविता लिहिली आणि खाली संग्रहाचे नाव व पृष्ठांकही लिहिला. पृष्ठांक लिहिण्याची सूचना मावशींची.

आता माझे एक मागणे आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका वाचनालयात खालच्या फळीवर असत. पुरात त्यांतल्या पहिल्या काही वर्षांच्या गेल्या. त्या वाळल्या नाहीत. कोणाच्या माळ्यावर, सासूबाईंच्या ट्रंकेत, पोथीच्या रुमालात एखादी प्रत असेल तर ती घेऊन यावी. प्रत आम्ही ठेवून घेणार नाही. मोबाइलने पानांची छायाचित्रे काढू आणि तिथल्या तिथे परत देऊ. कार्यकारिणीने त्यासाठी लेखी संमती दिली आहे. गुरुवारी दुपारी एक ते तीन आम्ही तिघीही असतो. पाने मावशी उलटतील. आपण ओल्या हाताने उलटू नयेत, त्या रागावतात.